पाच कापडं पाठवली, पाचांचे अहवाल आले: एचएस वर्गीकरण सेवेचा माझा अनुभव

पाचपैकी चार तारे देतेय. एक तारा का कापला, ते सत्तर जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला सत्तर ग्रॅमच्या, रोलपाशी आल्यावर सांगते. आधी सेवा काय आहे ते. आयात करायच्या मालाचा नमुना आणि माहिती पाठवायची. ते लोक कापड तपासतात, लागेल तिथे लॅबमधून चाचणी करून घेतात आणि मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टमसाठीचा मालाचा क्रमांक, कोणता, तोच का आणि दुसरा का नाही, हे लेखी देतात. फी नमुन्यागणिक असते. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कौतुकाबरोबर तक्रारही आहे आणि ती चूक त्यांनी नंतर सुधारली आहे. अशी सेवा देणारे बरेच आहेत. त्यांच्याकडून काय मागून घ्यायचं, हे कळावं म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

मी एका छोट्या कारखान्यात खरेदी आणि आयातीची कागदपत्रं बघते. आमचा सगळा कच्चा माल नॉनवोव्हन, म्हणजे न विणलेलं कापड. वाइप्सचं, फिल्टरचं, एप्रन आणि चादरींचं, सगळं रोलमध्ये येतं. आठ वर्षं आम्ही यातला बहुतेक माल एकाच कोडवर आणत होतो. पुरवठादार इन्व्हॉइसवर 'नॉनवोव्हन फॅब्रिक' लिहायचा, क्लिअरिंग एजंट ५६०३१२ टाकायचा आणि मी सही करायचे. एकदा कस्टमने नमुना काढला. अहवाल आला, कापड फिलामेंटचं, म्हणजे अखंड तंतूचं, नाही. माल १९ दिवस अडकला, शुल्कातला फरक भरावा लागला, वर दंड आणि डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं. त्याहून जास्त लागलं ते हे की घोषणापत्रावर आमचं नाव होतं आणि मजकूर खोटा ठरला होता. खोटं बोलायचं कुणाच्याच मनात नव्हतं. पण काय आणतोय हे माहीत नसणं हा कस्टमपुढे खुलासा होत नाही, आणि होऊही नये.

त्यानंतर ही सेवा घेतली. पाच नमुने पाठवले.

त्यांची पहिली गोष्ट आवडली ती प्रश्नावली. मला वाटलं होतं, मालाचं नाव, वापर, देश एवढं विचारतील. त्यांच्या २२ प्रश्नांत मालाचं नाव चौदाव्या क्रमांकावर होतं. पहिला प्रश्न होता, जाळं कशाचं घातलंय, अखंड तंतूचं की तुकडे केलेल्या तंतूचं? दुसरा, ते जाळं धरून कशाने ठेवलंय, उष्णतेने, पाण्याच्या झोताने, सुयांनी की चिकटद्रव्याने? तिसरा, वर किंवा आत प्लास्टिकचा थर आहे का, असेल तर एका बाजूला की दोन्ही? मग वजन, तंतूंचं प्रमाण आणि कापड कापलेलं आहे की अखंड. हे प्रश्न मी जसेच्या तसे पुरवठादाराला धाडले. आठ वर्षांच्या व्यवहारात पहिल्यांदाच त्याच्याकडून विक्रीवाल्याऐवजी उत्पादनातल्या माणसाचं उत्तर आलं. फी वसूल झाली असं मला तिथेच वाटलं.

ज्यांना या कोडची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं. एचएस म्हणजे जागतिक सीमाशुल्क संघटनेची मालाची नामावली. १९८८ च्या जानेवारीपासून ती लागू आहे आणि जगातल्या व्यापारातला ९८ टक्क्यांहून जास्त माल तिच्यातल्या कोडांवर चालतो. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे, पुढचे आकडे ज्या त्या देशाचे. पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण, पहिले चार म्हणजे हेडिंग. नॉनवोव्हनचं हेडिंग ५६०३. त्याच्या पोटात आठ घरं. पहिली चार मानवनिर्मित फिलामेंटच्या कापडाची, ११ ते १४. पुढची चार बाकी सगळ्यांची, ९१ ते ९४. दोन्ही चौकड्यांत वजनाच्या पायऱ्या त्याच: चौरस मीटरला २५ ग्रॅमपर्यंत, २५ च्या वर ७० पर्यंत, ७० च्या वर १५० पर्यंत आणि १५० च्या वर. बघायला सोपं आहे. आम्ही फसलो ते यातल्या पहिल्याच फाट्यावर.

पहिला नमुना तोच होता, अडकलेल्या मालाचा. वाइप्सचं स्पनलेस, ५० जीएसएम, ७० टक्के व्हिस्कोस आणि ३० टक्के पॉलिएस्टर. स्पनलेस आणि स्पनबॉण्ड ही नावं कानाला इतकी जवळची की आमच्या गोदामात दोन्हींना 'स्पन'च म्हणतात. पण स्पनबॉण्डमध्ये वितळलेल्या पॉलिमरचे तंतू छिद्रांतून ओढून थेट पट्ट्यावर पसरतात. ते अखंड असतात, म्हणून फिलामेंट. स्पनलेसचं आमचं कापड मात्र सुमारे ३८ मिलिमीटरच्या तुकड्यांचं. हे तुकडे पिंजून जाळं करतात आणि पाण्याच्या बारीक, जोरदार झोतांनी एकमेकांत गुंतवतात. व्हिस्कोस मानवनिर्मित आहे, पॉलिएस्टरही आहे. पण तंतू मानवनिर्मित असणं वेगळं आणि फिलामेंट असणं वेगळं. तुकडे केले की तो स्टेपल तंतू, आणि कापड ५६०३९२ मध्ये. ५६०३१२ नाही.

हे त्यांनी नुसतं लिहून सोडलं नाही. त्यांच्या तांत्रिक विभागातल्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर मला करून दाखवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीही आत्ता हातात घ्या. भिंग आहे ना?" मी कापडाचा कोपरा फाडला आणि फाटलेल्या कडेवरचा एक तंतू चिमट्याने ओढला. हलका हिसका बसला आणि तो सबंध बाहेर आला, दोन्ही टोकं मोकळी. पट्टीवर ठेवला तर ३७-३८ मिलिमीटर. मग त्यांनी स्पनबॉण्डचा तुकडा घ्यायला लावला. तो तंतू सुटेचना. ओढत गेले तसा तो कापडावरच्या बारीक ठिपक्यापर्यंत, म्हणजे उष्णतेने दाबलेल्या सांध्यापर्यंत आला आणि तिथे तुटला. टोक हाती लागलंच नाही. त्या क्षणी मला तो १९ दिवसांचा घोटाळा समजला. कस्टमच्या लॅबने जे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं असेल, ते मी माझ्या टेबलावर पाहत होते.

आणखी एक युक्ती त्यांनी सांगितली. पॉलिप्रॉपिलिन पाण्यापेक्षा हलकं असतं. कापडाचा कपटा साबणाच्या पाण्यात बुडवून दाबून हवा काढली, तरी तो वर येतो. पॉलिएस्टर बुडतं. व्हिस्कोस जाळलं तर कागदासारखं जळतं आणि राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. लॅबचा अहवाल लागतोच, त्याला पर्याय नाही. पण पुरवठादाराने 'शंभर टक्के पॉलिएस्टर' लिहिलेलं कापड ग्लासात तरंगायला लागलं, तर माल जहाजावर चढण्याआधी फोन करता येतो.

दुसरा नमुना फिल्टरचा. जाड, ४०० जीएसएम, पॉलिएस्टर स्टेपल तंतूचं, सुयांनी टोचून घट्ट केलेलं. आम्ही यालाही नॉनवोव्हन म्हणतो, पुरवठादारही म्हणतो, उद्योगात सगळेच म्हणतात. त्यांचा निष्कर्ष ५६०२१० आला, म्हणजे नमदा, नीडललूम फेल्ट. मी लगेच फोन केला. इतकी वर्षं ज्याला नॉनवोव्हन म्हणत आलो ते कस्टमच्या लेखी फेल्ट कसं? उत्तर असं मिळालं: ५६ व्या प्रकरणाच्या दुसऱ्या टिपेतच 'फेल्ट' या शब्दात नीडललूम फेल्ट धरलेलं आहे. स्टेपल तंतूंचं जाळं निव्वळ सुयांनी गुंतवून पक्कं केलं असेल तर ते ५६०२. सुया टोचल्यात, पण त्या जोडीला आहेत आणि खरी बांधणी दुसऱ्या पद्धतीची आहे, तर ५६०३. आणि जाळं अखंड फिलामेंटचं असेल तर सुया टोचल्या तरी ५६०३. रस्त्याखाली घालतात ती बरीचशी जिओटेक्स्टाइल या शेवटच्या प्रकारात बसतात.

इथे एक बारकावा होता आणि तो त्यांनी पकडला, म्हणून या नमुन्याला मी पूर्ण गुण देते. आमच्या पुरवठादाराकडे दिसायला अगदी सारखी दोन कापडं आहेत. एक नुसतं टोचलेलं. दुसऱ्यात थोडे कमी तापमानाला वितळणारे तंतू मिसळतात आणि टोचून झालं की ते भट्टीतून काढतात. ते तंतू वितळून बाकीच्यांना चिकटतात. नमुना पहिल्याचा होता आणि पत्रक मी चुकून दुसऱ्याचं जोडलं होतं. त्यांनी काम थांबवून विचारलं, "पत्रकात भट्टीचा उल्लेख आहे, पण नमुन्यात वितळलेले सांधे दिसत नाहीत. यातलं खरं कुठलं?" घाईत असलेला माणूस पत्रक वाचून कोड लिहून मोकळा झाला असता. यांनी कापडाला विचारलं. दुसऱ्या कापडासाठी वेगळं मत लागेल, आणि त्यात भट्टीने किती बांधलं व सुयांनी किती, याचा पुरावा कारखान्याकडून आणावा लागेल, हेही लिहून दिलं.

तिसरा नमुना लॅमिनेटचा, आणि मला सगळ्यात जास्त शिकवून गेला तो हाच. एप्रनचं कापड. एका बाजूला पॉलिप्रॉपिलिन स्पनबॉण्ड, दुसऱ्या बाजूला पॉलिथिनची फिल्म. आमच्या जुन्या एजंटने हे ५९०३ मध्ये घातलं होतं, 'प्लास्टिकचा लेप दिलेलं कापड' म्हणून. वाचायला बरोबर वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण ५९ व्या प्रकरणाची पहिलीच टीप सांगते की त्या प्रकरणात 'कापड' म्हणजे विणलेलं, निटिंग केलेलं किंवा क्रोशाचं, आणि काही प्रकारच्या वेण्या व किनारी. नॉनवोव्हन त्यात नाहीच. त्यामुळे लेप असो, लॅमिनेशन असो, नॉनवोव्हन ५९०३ मध्ये जातच नाही. ५६०३ च्या शब्दांतच 'भिजवलेलं, लेपलेलं, आच्छादलेलं किंवा लॅमिनेट केलेलं असो वा नसो' असं आहे. घर तेच राहतं.

मग बाहेर कधी पडतं? ५६ व्या प्रकरणाच्या तिसऱ्या टिपेत ते आहे. नॉनवोव्हन प्लास्टिकमध्ये किंवा रबरात पूर्ण बुडालेलं असेल, किंवा दोन्ही बाजूंनी सगळीकडे लेप वा आच्छादन असेल आणि ते नुसत्या डोळ्यांनी दिसत असेल, तर ते ३९ किंवा ४० व्या प्रकरणात जातं. डोळ्यांनी पाहताना रंगातला बदल मोजायचा नाही. म्हणजे लेपामुळे कापड गडद दिसतंय, एवढ्यावर 'लेप दिसतो' असं म्हणता येत नाही. लेप स्वतः दिसायला हवा. फेसाळ प्लास्टिकच्या शीटला नॉनवोव्हन फक्त बळकटीसाठी जोडलेलं असेल, तर तेही बाहेर.

आमचं कापड एका बाजूने फिल्मचं, म्हणून ते ५६०३ मध्येच राहिलं. अहवालात त्यांनी कडेचा मोठा करून काढलेला फोटो लावला होता. खाली फिल्मची चमकती रेघ, वर तंतूंचा पसारा. शेजारी तुलनेला दुसऱ्या दोन कापडांचे फोटो. एकात दोन्हीकडे फिल्म आणि मधे तंतू, ते ३९ मध्ये. दुसऱ्यात दोन्हीकडे तंतू आणि मधे फिल्म, ते ५६०३ मध्ये. थर तेच, फक्त क्रम उलटा, आणि प्रकरणच बदललं. हे मी आमच्या खरेदी विभागातल्या सगळ्यांना दाखवलं. कापडाची रचना बदलायची तर आधी मला सांगा, एवढं त्या दिवसापासून सगळ्यांनी मान्य केलंय.

आता चौथा नमुना. तारा इथे गेला.

चादरीचं स्पनबॉण्ड. पत्रकावर ७० जीएसएम, कमीजास्त ५ टक्के. घरांच्या सीमा आठवा: ७० पर्यंत १२, ७० च्या पुढे १३. बरोबर ७० असेल तर खालचं घर. म्हणजे हे कापड कुंपणावरच बसलेलं. अशा कापडाचं वजन अत्यंत काळजीने घ्यायला हवं होतं. त्यांनी माझ्याकडून ए-४ आकाराचा एकच तुकडा मागवला होता, मी रोलच्या बाहेरच्या वेढ्यातून, कडेजवळून कापून पाठवला होता. त्यांच्या लॅबमध्ये तो ६८.९ भरला आणि अहवाल आला, ५६०३१२.

मला चैन पडेना. स्टोअरमधल्या काकांना म्हटलं, "काका, या रोलचं वजन परत करूया का?" काकांनी रोल काट्यावर चढवला. ५८.६ किलो. आतली पुठ्ठ्याची नळी १.८ किलो. उरलं ५६.८. रोल ५०० मीटर लांब, १.६ मीटर रुंद, म्हणजे ८०० चौरस मीटर. भागून पाहिलं तर ७१.० जीएसएम. मग आम्ही गोल कटर आणला. त्याने १०० चौरस सेंटिमीटरची चकती निघते, तिचं ग्रॅममधलं वजन शंभराने गुणलं की जीएसएम. रुंदीभर पाच ठिकाणी कापलं. कडेला ०.६८, मग ०.७१, मधोमध ०.७३, मग ०.७२ आणि दुसऱ्या कडेला ०.७०. सरासरी ७०.८. कापड कडेला हलकं आणि मधे भारी होतं, आणि मी पाठवलेला तुकडा नेमका कडेचा.

यात माझीही जबाबदारी आहे, तुकडा मी कापला. पण कुठून कापायचा हे त्यांनी सांगायला हवं होतं. ७० च्या सीमेवरचा माल आहे हे पत्रकावर लिहिलेलं असताना एका तुकड्यावर मत देणं मला पटलं नाही. नॉनवोव्हनचं क्षेत्रफळामागचं वजन कसं मोजायचं याचं आंतरराष्ट्रीय मानकच आहे, आयएसओ ९०७३ चा पहिला भाग. त्यात एकापेक्षा जास्त नमुने घ्यायचे असतात आणि मोजण्याआधी कापड ठरावीक तापमान व आर्द्रतेत ठेवायचं असतं. पॉलिप्रॉपिलिनला दमटपणाने फारसा फरक पडत नाही, व्हिस्कोसला चांगलाच पडतो. हे सगळं ज्यांना माझ्यापेक्षा शंभरपट ठाऊक आहे, त्यांच्याकडून ही चूक व्हायला नको होती. तो अहवाल जोडून मी माल सोडवायला गेले असते आणि कस्टमने रोलच्या मधून नमुना काढला असता, तर दुसऱ्यांदा तीच पाळी आली असती, आणि तीही पैसे मोजून घेतलेल्या सल्ल्यावर.

मी आकडे लिहून पाठवले. पहिल्या उत्तराला चार दिवस लागले आणि त्यात 'आमचा अहवाल मिळालेल्या नमुन्यापुरता आहे' एवढंच होतं. ते वाचून वाईट वाटलं. मी पुन्हा लिहिलं, या वेळी थेट त्या तांत्रिक बाईंना. त्यांनी त्याच दिवशी फोन केला. म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. कडेपासून कडेपर्यंत सबंध रुंदीची पट्टी पाठवा, दोन वेगळ्या रोलमधून. आतल्या वेढ्यांची घ्या." नव्या चाचणीत ७०.९ आलं. अहवाल बदलून ५६०३१३ केला, जादा फी घेतली नाही, आणि नमुना कसा कापायचा याची चित्रांसह सूचना आता त्यांच्या प्रश्नावलीला जोडलेली आहे. ती मी पाहिली. म्हणून एकच तारा कापला, दोन नाही.

पाचवा नमुना चटकन उरकला. कोरडे वाइप्स, २० सेंटिमीटरचे चौकोन, घडी घालून पाकिटात भरलेले. मला वाटत होतं पाकिटात आलं की तयार वस्तू झाली. तसं नाही. नुसतं चौकोनी किंवा आयताकृती कापलेलं आणि त्यापुढे काहीच न केलेलं नॉनवोव्हन किरकोळ विक्रीच्या पाकिटात असलं तरी ५६०३ मध्येच राहतं. त्याला साबण किंवा डिटर्जंट लावलं की ३४०१, सुगंधी किंवा सौंदर्यप्रसाधनाचं द्रव्य लावलं की ३३०७, कारण तिथे कापड फक्त ते द्रव्य वाहून नेण्यापुरतं असतं. शिवून एप्रन केला की ६२१०. हे सगळं दीड पानात होतं आणि तेवढंच पुरेसं होतं.

अहवालाच्या लिखाणाबद्दल सांगायलाच हवं. प्रत्येक अहवालात सुरुवातीला कापडाचं वर्णन, मग वर्गीकरणाच्या सहा सर्वसाधारण नियमांपैकी कोणता लावला ते. बहुतेक ठिकाणी पहिला आणि सहावा, म्हणजे आधी हेडिंगचे शब्द व टिपा आणि मग त्याच पद्धतीने सबहेडिंग, म्हणजे सहा आकडी कोड. शेवटी 'विरुद्ध बाजू' नावाचा परिच्छेद: कस्टम अधिकारी दुसरा कोणता कोड सुचवू शकतो आणि कशाच्या आधारावर. हा परिच्छेद मला अमूल्य वाटतो. फिल्टरच्या अहवालात त्यांनी स्पष्ट लिहिलंय की भट्टीतून काढलेल्या कापडाबाबत दोन मतं होऊ शकतात. ग्राहकाला खूश करायला ते लपवता आलं असतं.

आणि हेही मोठ्या अक्षरात लिहितात की त्यांचं मत कस्टमवर बंधनकारक नाही. बंधनकारक हवं असेल तर कस्टमकडूनच माल येण्याआधी अग्रिम निर्णय घ्या, ॲडव्हान्स रूलिंग. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २०१७ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे आणि त्याच्या तिसऱ्या कलमात सदस्य देशांनी असे निर्णय द्यावेत असं आहे. लॅमिनेट आणि फिल्टर या दोन कापडांसाठी आम्ही तसा अर्ज केलाय. अर्जाला जोडायची वस्तुस्थिती, थरांचे फोटो, उत्पादनाची पद्धत, हे सगळं या अहवालांतून जवळजवळ तयारच मिळालं. नव्याने लिहायला मला दोन आठवडे लागले असते, जोडायला एक दुपार लागली.

उणिवा अजून दोन आहेत. ते सहा आकड्यांवर थांबतात. देशाचे पुढचे आकडे, शुल्काचा दर, त्या कोडवर अँटी-डम्पिंग शुल्क आहे का, मूळ देशाच्या नियमाने सवलत मिळते का, हे सगळं वेगळ्या फीने. संकेतस्थळावर ते बारीक अक्षरात आहे, ठळक असायला हवं, कारण आयातदाराला शेवटी भरायचं असतं ते त्या पुढच्या आकड्यांवर. दुसरं, अहवालावर एचएसची कोणती आवृत्ती धरली ते नव्हतं. मी विचारल्यावर २०२२ ची असं कळवलं. ही नामावली ठरावीक वर्षांनी बदलते, पुढची आवृत्ती २०२८ च्या १ जानेवारीला लागू होतेय. जुना अहवाल फायलीतून काढून कुणी तसाच वापरू नये म्हणून आवृत्तीचं वर्ष पहिल्या पानावर छापायलाच हवं.

ज्यांच्याकडे एकच साधं कापड येतं, वजन सीमेपासून लांब आहे आणि पुरवठादार उत्पादनाची पद्धत लेखी देतो, त्यांना या सेवेची गरज नाही. हेडिंगचे शब्द आणि ५६ व्या प्रकरणाच्या तीन टिपा शांतपणे वाचल्या तरी काम होतं. ज्यांच्या कापडात थर आहेत, मिश्र तंतू आहेत, सुया आहेत किंवा पत्रकावर २५, ७० नाहीतर १५० हा आकडा छापलेला आहे, त्यांनी जरूर घ्यावी. लाकडाचा लगदा मिसळलेले वाइप्स आणणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण लगद्याचं प्रमाण वाढत गेलं की प्रश्न ५६ व्या प्रकरणातून कागदाच्या ४८ व्या प्रकरणाकडे सरकतो.

पाठवताना सबंध रुंदीची पट्टी पाठवा, रोलचे बाहेरचे दोन-चार वेढे सोडून. यंत्राची दिशा बाणाने दाखवा, रोलचा क्रमांक पट्टीवरच लिहा आणि अर्धी पट्टी स्वतःकडे ठेवा. आमच्या स्टोअरमध्ये आता त्यासाठी एक कप्पा केलाय. काका प्रत्येक नव्या लॉटच्या पाच चकत्या कापून पाकिटात घालतात आणि वर पेन्सिलीने वजनं लिहितात. कालच्या लॉटचं पाकीट माझ्या टेबलावर आहे: ०.६९, ०.७०, ०.७०, ०.७१, ०.७०. सरासरी बरोबर ७०. सबंध रुंदीच्या पट्ट्या उद्या सकाळी लॅबला जातायत.